रडू नकोस, आई वाजवतेय

एखाद्याच्या ढुंगणाची घरात इतकी चर्चा होऊ नये. पण वेइकाच्या ढुंगणाची होत होती, आणि तीन आठवडे होत होती. जेवताना व्हायची, सौनात वाफ घेताना व्हायची, बाप बिचारा लिफ्ट दुरुस्त करायला कुणाच्या बिल्डिंगमध्ये शिरला तर तिथे फोनवर व्हायची. खुद्द वेइका सव्वा वर्षाचा. त्याला चर्चेशी काही देणंघेणं नव्हतं. डायपर काढला की तो खिदळायचा, घातला की भोकाड पसरायचा, एवढंच त्याचं म्हणणं.

रॅश तरी कसली! दिवसा शहाणी आणि रात्री अवदसा. दिवसभर पाण्यानं धुवा, फडक्यानं टिपा, वारा लागू द्या, मलम फासा, की संध्याकाळी कातडी अशी निवळायची की बाप, म्हणजे तोर्स्ती, मनात म्हणायचा, चला, सुटलो. आणि सकाळी डायपर उघडावा तर पुन्हा उकडलेल्या शेवंडासारखं लालभडक. पाण्याचा थेंब लागला तरी पोर असं किंचाळायचं की शेजारची कुत्री भुंकायला लागायची. तोर्स्ती आणि त्याची बायको साइमी, दोघांच्या डोळ्याला डोळा नव्हता.

बाळांच्या दवाखान्यातली नर्स मोठी शांत बाई. तिनं नीट उलटंपालटं करून पाहिलं. "बुरशी नाही, काही नाही," ती म्हणाली. "नुसत्या पाण्यानं धुवा, घासू नका. जितकं उघडं ठेवता येईल तितकं ठेवा. मलम जाड लावा, पीठबीठ नको. खातो काय?" साइमीनं सांगितलं, बटाटा खातो, ओटची लापशी खातो, मासा खातो, पाव, दूध. नर्स म्हणाली, छान.

मग ज्याला त्याला संशय. तोर्स्तीला आतून वाटायचं की सासूच्या कपड्यांच्या साबणानं होतंय हे. सासूला वाटायचं, जावयानं आणलेल्या त्या शहरी डायपरनं होतंय. दोघंही सभ्य, म्हणून कुणी तोंड उघडायचं नाही. पण ती डायपरचा पुडा पायानं कोपऱ्यात सरकवायची आणि हा तिचा साबण हुंगून तोंड वाकडं करून परत ठेवायचा.

सासूच्या घरी ही मंडळी आली होती ती नाइलाजानं. शहरात त्यांच्या बिल्डिंगचे सगळे पाइप बदलायला काढले होते, पाणी बंद, संडास बंद. तेव्हा जून लागताच बोचकी बांधून तळ्याकाठी, साइमीच्या माहेरी. सासूचं नाव हिल्पा, सासऱ्याचं याल्मारी. पण वेइका जन्मल्यापासून तिला सगळे मुम्मो, म्हणजे आजी, म्हणत आणि त्याला उक्की, म्हणजे आजोबा. ती दोघं एकमेकांनाही तेच म्हणत. जूनमध्ये मुम्मो नेहमी घाईत असते. जंगलात नव्या बेरी पिकायच्या आत फ्रीझरमधल्या गेल्या वर्षीच्या संपवायच्या, हा तिकडचा कायदाच आहे. मोडला तर तुरुंगात टाकत नाहीत, पण शेजारणी बघतात. आणि मुम्मोच्या फ्रीझरमध्ये तर एखादी म्हैस मावली असती.

हे सगळं चाललं असताना युहान्नुस आला, म्हणजे उत्तरेकडच्या त्या देशातला भर उन्हाळ्याचा सण. युहान्नुसची रात्र ही रात्र नसतेच. सूर्य तळ्याच्या कडेला टेकल्यासारखा करतो आणि विचार बदलून परत वर येतो. दाराशी बर्चच्या फांद्या उभ्या राहिल्या, काठीवर झेंडा चढला, आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर नाचाचा लाकडी मंडप झाडून पुसून तयार झाला.

तो मंडप हीच तर खरी गोष्ट होती. साइमी अकॉर्डियन वाजवायची. रेइनो नावाच्या माणसाच्या वाद्यवृंदात ती कितीतरी वर्षं होती. तोर्स्तीला नाचता येत नाही, अजिबात नाही, लाकडाचा ओंडका बरा. तरी एक अख्खा उन्हाळा तो त्याच मंडपाच्या खांबाला टेकून उभा राहिला होता, तो तिच्या पेटीसाठी आणि तिच्यासाठी. मग वेइका पोटात आला. सातव्या महिन्यात पोट आणि पेटी यांचं जमेना; पेटी गळ्यात घेतली की हात पट्ट्यांपर्यंत पोचायचे नाहीत. खाली ठेवली ती ठेवलीच. पोर झालं, रात्रींमागून रात्री गेल्या, आणि आता वर ही रॅश. दोन दिवसांपूर्वी ती म्हणाली होती, "ह्या युहान्नुसला जमलं तर जमलं, तोर्स्ती. नाहीतर रेइनोला सांगून टाकते, दुसरी कुणी बघ म्हणून. कायमची." हे ती रडून म्हणाली असती तर त्याला एवढं वाटलं नसतं. ती भांडी पुसता पुसता म्हणाली. पेटी गळ्यात घेतल्यावर जी साइमी व्हायची ती त्याला हवी होती. तिच्यावाचून त्याचं अडत होतं. पण हे बायकोला सांगायचं कसं, हे काही त्याला सुचत नव्हतं.

"मी जाऊ ना?" युहान्नुसच्या संध्याकाळी साइमीनं विचारलं. पेटी खांद्यावर होती, पाय मात्र पायरीवरच.

"जा."

"खरंच जाऊ?"

"आता नाही गेलीस तर मी तुला होडीत टाकून लोटून देईन."

"आणि रडला तर?"

"रडणार नाही."

"तोर्स्ती, रोज रडतो."

"आज नाही रडणार. आम्ही तिघं आहोत."

"तीन खुळे," साइमी म्हणाली, पण हसली. "हे बघ, फोनबिन करू नकोस. तळं शांत आहे, इकडचं सगळं तिकडे ऐकू येतं. लहानपणी मी मंडपात असायचे आणि मुम्मो इथून जेवायला हाक मारायची. माझा कान इकडेच आहे. तो रडला की मी पेटी खाली ठेवणार आणि येणार. मग पुढचं मला काही सांगू नकोस."

उक्कीनं होडी सोडली. म्हातारा वल्ही मारत तिला पलीकडे नेऊन सोडून आला, आणि येताच त्यानं बाह्या सरसावल्या. "बोला. कुठून सुरुवात?"

म्हणजे बघा, काम सोपं होतं. पहाटेपर्यंत एका सव्वा वर्षाच्या पोराला रडू द्यायचं नव्हतं. बस.

तोर्स्तीनं सैन्य उभं करावं तशी तयारी केली. सौनातलं कोमट पाणी बादलीत. मऊ फडक्यांची चळत. मलमाचा डबा. डायपर आज घालायचाच नाही, सगळी रात्र उघडं ठेवायचं, नर्स म्हणाली होती तसं. त्यासाठी व्हरांड्यात मुम्मोच्या जुन्या सतरंज्या एकावर एक अंथरल्या, वर मेणकापड, त्यावर दुपटी.

"माझ्या सतरंज्या?" मुम्मो म्हणाली.

"धुता येतात ना, मुम्मो."

"त्या मी हातानं विणल्यात!"

"नातू पण घरगुतीच आहे," उक्की म्हणाला. मुम्मोनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की म्हातारा बादली उचलून चालू लागला.

मुम्मोनं पोराला रोजच्यासारखी संध्याकाळची वाटी भरवली, तोंड पुसलं. तोर्स्तीनं त्याला धुतलं, टिपलं, कातडी छान निवळलेली होती. दोन मिनिटं तो मलमाचं झाकण शोधायला आत गेला आणि तेवढ्यात उक्कीनं डाव साधला. उक्कीच्या आईनं तिची सगळी मुलं बटाट्याच्या पिठावर वाढवली होती. पोटात नव्हे, ढुंगणावर. लाल दिसलं की पीठ भुरभुरवायचं. नर्स पीठ नको म्हणाली होती, पण नर्सला काय विचारायचं, ती कालची पोरगी. म्हाताऱ्यानं मूठभर पीठ घेतलं आणि नातवाच्या बुडाखाली मोकळ्या हातानं सोडलं. आणि त्याच क्षणी वेइकानं, उघड्यावर गार वारा लागल्यावर कुठलंही पोर करील तेच केलं.

तोर्स्ती बाहेर आला तेव्हा उक्की हताशपणे दोन बोटं एकमेकांपासून सोडवत होता.

"हे काय?"

"पीठ होतं," उक्की म्हणाला.

मुम्मो वाकून बघायला गेली आणि सतरंजीवर बसलीच. "अगं आई गं! पोराला खळ घातलीस! आता इस्त्री तेवढी राहिलीय!"

"हळू," तोर्स्ती म्हणाला, "हळू हसा," पण तो स्वतःच दाराला धरून वाकला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. ती खळ काढायला अर्धी बादली पाणी गेलं. वेइकाला ते सगळं फार आवडलं. तो उताणा पडून पाय झाडत होता आणि उक्कीकडे बघून टाळ्या पिटत होता. त्याचं म्हणणं बहुधा असं की पुन्हा कर.

मग डास आले. युहान्नुसला डास नाहीत असं कधी झालंय का? व्हरांड्याला जाळी होती, पण डासानं मनावर घेतलं की जाळी काय आणि भिंत काय. आणि समोर हे एवढं गुबगुबीत उघडं आमंत्रण. शेवटी दाराशी उभी केलेली बर्चची एक फांदी मोडून तोर्स्तीनं उक्कीच्या हातात दिली. "पिठाची शिक्षा," तो म्हणाला. म्हातारा स्टुलावर बसला आणि नातवाच्या ढुंगणावर चवरी ढाळायला लागला. राजेमहाराजांच्या वाट्याला इतकी सेवा आली नसेल. वेइका पालथा पडून, बूड वर करून, तोंडात अंगठा घालून झोपला.

आणि पलीकडून वाजायला लागलं.

आधी ड्रम, मग व्हायोलिन, मग त्यांच्या खालून ती पेटी वर आली. पाण्यावरून सूर असा स्वच्छ येत होता की जणू बाई अंगणात बसून वाजवतेय. पहिल्या गाण्यात ती चाचपडत होती. तोर्स्तीला कळलं, त्याला नाचता येत नसलं तरी तिची बोटं त्याला कळतात. दोन ठिकाणी ती मागे राहिली, एका ठिकाणी तिनं सूरच गाळला. तो कठड्याला धरून उभा होता. दुसऱ्या गाण्यात बोटं सैल झाली. मग तिसरं गाणं, एक संथ, हुरहुर लावणारा टँगो, लागलं, तेव्हा तो मागे वळून म्हणाला, "ऐकलंत? ऐकलंत का?"

"बहिरे नाही आम्ही," मुम्मो म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते.

तिनं उक्कीच्या हातातली फांदी काढून तोर्स्तीला दिली, चपला काढल्या आणि नवऱ्याला हाताला धरून गवतात नेलं. मोज्यांवर, चोरपावलांनी, एक शब्द न बोलता ती दोघं नाचली. उक्कीचा गुडघा वळणावर कट् वाजायचा, तेव्हा तेवढा तो थांबायचा आणि मग पुढे. लेक पलीकडच्या काठावर वाजवतेय आणि आईबाप अलीकडे नाचतायत, असं सुख किती जणांच्या वाट्याला येतं? तोर्स्ती एका हातानं डास वारत, दुसऱ्या हातानं डोळे पुसत बसला. डोळ्यांत डास गेला होता, असं त्यानं नंतर सांगितलं.

असंच सकाळपर्यंत चाललं असतं तर मी ही गोष्ट सांगायला बसलोच नसतो.

सूर्य परत वर यायला लागला तेव्हा वेइकानं झोपेतच कुंथल्यासारखा आवाज केला. तोर्स्ती पुढे झाला. पोरानं शी केली होती. आणि रोज डायपरमध्ये जे झाकलेलं असायचं ते आज डोळ्यांसमोर होतं: जिथे जिथे ती शी लागली, तिथली कातडी त्याच्या देखत लाल व्हायला लागली. वेइकानं डोळे उघडले. ओठ थरथरले. छाती भरली.

"नको रे," तोर्स्ती म्हणाला. "राजा, नको. आई वाजवतेय. रडू नकोस, आई वाजवतेय."

वेइका रडला. असा रडला की पाण्यावरची बदकं उडाली. आणि नेमकं तेव्हाच पलीकडचं गाणं संपलं होतं. मध्ये काही म्हणजे काही आवाज नव्हता. ती किंकाळी तळ्यावरून सरळ, सुतात, पलीकडे गेली.

"पाणी!" मुम्मो ओरडली. उक्कीनं बादली आणली. तोर्स्तीनं पोराला काखेत धरलं, मुम्मोनं कोमट पाण्याची धार सोडली; हात लावला नाही, घासलं नाही, नुसतं पाणी, पाणी आणि पाणी. भोकाडाचा हुंदका झाला, हुंदक्याची कुरकुर झाली. फडक्यानं दाबून टिपलं. मलम पावावर लोणी थापावं तसं थापलं. आणि वेइका थांबला. बादलीत उक्कीचा चष्मा पडला होता, तो बघण्यात गुंतला.

पण पलीकडे काही वाजत नव्हतं.

"ऐकलं तिनं," तोर्स्ती म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "ठेवली असणार पेटी. संपलं."

तो घाण झालेलं दुपटं गोळा करायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"मुम्मो, हे काय आहे?"

दुपट्यावर लाल सालं होती. एक नाही, दोन नाही. अख्ख्या बेरी गेल्या तशा आल्या होत्या.

"लिंगोनबेरी," मुम्मो म्हणाली. "संध्याकाळच्या खिरीतल्या. रव्यात घुसळून देते ना मी. रोज देते. संपवायच्यात."

"रोज?"

"आल्यापासून. वाटीभर. आवडते त्याला. का?"

तोर्स्तीनं सासऱ्याकडे पाहिलं. उक्की तळ्याकडे बघायला लागला. चोराच्या मनात चांदणं.

"उक्की?"

"मी खिरीतलं काही देत नाही," उक्की म्हणाला.

"मग कशातलं देता?"

"तिर्नीचा रस. चमचाभर. झोपताना, मध घालून. व्हिटॅमिन असतं."

तिर्नी म्हणजे ती काटेरी झुडपावरची केशरी फळं. तिचा थेंब जिभेवर पडला तर धडधाकट माणसाचे डोळे आपोआप मिटतात.

"चमचाभर?" मुम्मोनं विचारलं. "कोणता चमचा?"

उक्कीनं हातानं मोठा चमचा दाखवला. मग जरा आणखी मोठा दाखवला.

"अरे दुष्टा! ते आंबट पाणी लेकराला? रात्री? आणि वरून पीठ भुरभुरवतोस?"

"तू वाटीभर आंबट देतेस ते?"

"माझी खीर आहे!"

तोर्स्तीला मात्र आता स्वतःची सकाळ आठवली. कामावर निघायच्या आधी तो वेइकाला मांडीवर घेऊन दही भरवायचा. आणि दह्यात फ्रीझरमधल्या बेरी घालायचा, निळ्या आणि लाल दोन्ही, मुठीनं. सासूचं मन राखायला. संपवायच्यात ना.

"मी पण देतो," तो म्हणाला.

आंबट आत, आंबट बाहेर. झोपेत पहाटे शी व्हायची, उठेपर्यंत डायपरमध्ये तशीच दबून राहायची, आणि सकाळी हे तिघं शहाणे साबण हुंगायचे. दवाखान्यात विचारलं तेव्हा बटाटा सांगितला, मासा सांगितला, बेरीचं नावही कुणाच्या तोंडी आलं नाही. बेरी काय कुणी खाणं म्हणून मोजतं? तिकडे ती हवापाण्यात धरतात.

"म्हणजे," उक्की सावकाश म्हणाला, "तो एवढा मोठा फ्रीझर आपण ह्या एवढ्याशा पोटातून रिकामा करत होतो."

मुम्मोला आधी ठसका लागला. मग ती हसली. हसली म्हणजे काय, मुम्मोचं हसू म्हणजे जुनी मोटारबोट. दोनदा फुरफुरते, मग एकदम सुरू होते आणि मग बंद करायचं बटणच सापडत नाही. "साबण!" ती म्हणाली. "तू माझा साबण हुंगत होतास! मी पाहिलंय!"

"आणि तुम्ही माझे डायपर लाथाडत होतात!"

"अति तिथे माती म्हणतात," उक्की म्हणाला, "पण ह्याच्या बाबतीत..." आणि पुढे त्यानं जे म्हटलं ते छापण्यासारखं नाही. त्यावर मुम्मो सतरंजीवर आडवीच झाली. तोर्स्तीला खरं तर रडायला यायला हवं होतं. बायको पेटी टाकून निघाली असणार, इतक्या दिवसांची आशा एका किंकाळीत वाहून गेली. पण त्या दोघांकडे पाहून त्याचाही बांध फुटला. पोटाला कळ लागेपर्यंत ते हसले, आणि ते हसतायत म्हणून वेइकाही, उघडानागडा, उभा राहून, टाळ्या वाजवत, दोन दात दाखवत, तळ्यावर घुमेल असा हसला.

आणि पलीकडे उडत्या चालीचा पोल्का सुरू झाला.

तोर्स्तीनं हात वर केला. सगळे गप्प झाले. पोल्का काय, रेइनोही वाजवू शकतो, व्हायोलिनवालाही सुरू करू शकतो. त्यानं कान दिला. वळण आलं, आणि वळणाच्या आधी पेटीनं इवलासा श्वास रोखून धरला, अगदी इवलासा, जसा जगात एकच बाई धरते, आणि मग तोल सोडून दिला. "तीच आहे," तोर्स्ती म्हणाला. "तीच वाजवतेय. गेली नाही. गेली नाही ती!" त्यानं पोराला उचललं आणि आयुष्यात कधी नाचला नव्हता तो माणूस व्हरांड्यात गोल गोल नाचला. वाईट नाचला, पण नाचला.

पुढचा वेळ त्यांनी तिघांनी पाळीपाळीनं काढला. ओलं झालं की बदलायचं, घाण झाली की नुसतं पाणी, टिपायचं, मलम, वारा, डास हाकायचे. सकाळी उजेड चांगला वर आला तेव्हा तोर्स्तीनं पोराला पालथं करून पाहिलं. रॅश गेली नव्हती. एका रात्रीत कसली जातेय. पण रोज सकाळी भडकायची ती आज भडकली नव्हती. पहाटे जिथे लाल झालं होतं तिथे फक्त गुलाबी होतं. मुम्मोनं लापशी केली, साधी, लोण्याची, आणि फ्रीझरच्या दाराला उक्कीनं खुर्ची लावून ठेवली.

साइमी रेइनोच्या मोटारबोटीतून आली. केस सुटलेले, पेटी पाठीवर, हातात कागदाचा द्रोण. ती काठावरून चढली ती थेट पोराकडे. "माझं सोनं! बघ आईनं काय आणलंय, पहिल्या स्ट्रॉबेरी..." आणि तिनं एक त्याच्या तोंडाशी नेली.

"नाही!" तिघं एकदम ओरडले.

साइमी दचकून उभी राहिली. मग सगळ्यांनी मिळून, एकमेकांना तोडत, तिला सगळं सांगितलं: खीर, रस, दही. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा हळूहळू विचित्र झाला.

"तू पण?" तोर्स्तीनं विचारलं.

"दुपारी," साइमी बारीक आवाजात म्हणाली. "दात शिवशिवतात म्हणून. जाळीच्या पिशवीत गोठलेल्या घालून चोखायला देते. मुठीएवढ्या."

मुम्मोची मोटारबोट पुन्हा सुरू झाली.

हसणं ओसरल्यावर तोर्स्तीनं तिच्या पाठीवरची पेटी उतरवून घेतली. "रडलेला ऐकलास ना?" त्यानं विचारलं.

"ऐकलं. सगळ्या मंडपानं ऐकलं. मी पट्टा खांद्यावरून काढला होता. रेइनो म्हणाला, जा बाई, मी समजू शकतो. मी पायऱ्या उतरून पार पाण्यापर्यंत आले."

"मग?"

"मग तुम्ही हसायला लागलात." ती सतरंजीवर बसली. "मुम्मोचं हसू मला कुठूनही ओळखू येतं. मग उक्की, मग तू. आणि मग हा. ह्याचं हसू मी कधी लांबून ऐकलंच नव्हतं, तोर्स्ती. नेहमी मांडीवरच ऐकलेलं. मी तिथे उभी राहून ऐकत राहिले. म्हटलं, हे माझ्याशिवाय हसतायत. चांगले हसतायत. मग वर गेले आणि रेइनोला म्हटलं, पोल्का घे."

तोर्स्तीनं मान हलवली, आणि पुन्हा हलवली.

"पुढच्या शनिवारीही आहे," साइमी म्हणाली. "त्याच्या पुढच्याही. मी हो सांगून आलेय."

"कुठे?"

"लांब. गाडीनं दोन तास."

"म्हणजे तिथून तुला ह्याचं काहीच ऐकू येणार नाही."

"नाही येणार," साइमी म्हणाली आणि पोराशेजारी आडवी झाली. वेइकानं तिच्या केसांत दोन्ही हात घालून ओढलं, नाकात बोट घातलं, कानाशी तोंड नेऊन जोरात ओरडला. पण ती झोपली होती.